तंबोऱ्याची द्विवक्र घोडी

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

नवी वही. संकल्प पाच दिवस उशिरा, कारण लेकीने, स्पृहाने, आणलेली वही ओळींची निघाली. परत करून चौकटींची आणली. मोजमाप करणाऱ्या माणसाने ओळींवर लिहू नये.

संकल्प एकच. मार्चअखेर घोडीच्या पेटंटचा अर्ज. बाकीचे (चालणं, गोड कमी, नलूशी वाद कमी) दरवर्षीचेच आहेत, लिहीत नाही.

अर्जाचा मसुदा: घोडी म्हणजे तंबोऱ्याच्या तबलीवरची (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरची) बुटकी चौकी. तिच्यावर हाडाची पट्टी असते आणि पट्टीवरून चारही तारा जातात. पट्टीचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. त्याला केसाएवढा बाक असतो. तार त्या बाकावर घासत थरथरते आणि सुराच्या वर जो बारीक झणकार उठतो, ती जवारी. ती नेमकी लावायला पट्टीवर तारेखाली दोरा सरकवतात. आजवर कारागीर हा बाक अंदाजाने, कानशीने काढत आले. प्रस्तुत संशोधकाने (मी) एकाऐवजी दोन बाक काढले आहेत, डिजिटल व्हर्नियरने मोजून.

नलूला वाचून दाखवलं. म्हणाली, केसाएवढा म्हणजे कुणाच्या? तुमचे तर उरले नाहीत. घरातून प्रोत्साहन हे असं.

९ जानेवारी, गुरुवार

राधाबाईंनी बोलावलं म्हणून फणसवाडीत गेलो. वय एक्याऐंशी, अजून आठ मुली गाणं शिकायला येतात. २३ फेब्रुवारीला गिरगावातल्या हॉलमध्ये त्यांच्या गुरूंची, बुवांची, जन्मशताब्दी. बुवांची तंबोऱ्यांची जोडी यांच्याकडेच आहे. त्यातल्या मोठ्याची जवारी जरा बसली आहे म्हणाल्या. हेरंब, फार काही करू नकोस, नुसता हात फिरव. ती पट्टी बुवांनी स्वतः घासलेली आहे. ते गेल्यापासून कुणाला हात लावू दिला नाही, तुझ्यावर विश्वास म्हणून देतेय.

वाजवून बघितला. जरा बसली? पार मेली आहे. नुसता घुमतो, वरचा नाद शून्य. त्यांची मोठी शिष्या प्राची म्हणाली, काका, तशी बरी बोलते हो. या पिढीला ‘बरी’ चालते.

टॅक्सीने चिंचपोकळीला घरी आणला. मांडीवर धरून. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, भोपळा केवढ्याला घेतला.

माझा कान कसा तयार झाला ते एकदा लिहून ठेवलं पाहिजे. अठ्ठावीस वर्षं परळच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकून भाग काढायचे तिथे. चाळीस टनी प्रेस, ठोक्याच्या आवाजावरून सांगायचो डाय (साचा) कुठे झिजलीय. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, मी कधी घातले नाहीत. मोजायच्या गेजला कोणी बोळा घालतं का? संगीतातही गुरू नाही. सगळं स्वतः.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पट्टीची जाडी ७.४० मिलिमीटर. एकेचाळीस ठिकाणी मोजली. बुवांचा बाक डावीकडे ०.०३ ने जास्त आहे. माणूस मोठा असेल, पण हात कारागिराचा नव्हता.

राधाबाईंनी सांगितलं तसा हात फिरवला. ०.०५ काढलं. फरक नाही. आणखी ०.०५. फरक नाही. तारा बदलल्या, त्या परदेशी. त्याही मुक्या. तारांच्या कंपन्यांनी दर्जा घालवलाय.

स्पृहा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. ऑफिसचा कॉल आहे म्हणाली. नलूने तिळगूळ देताना सांगितलं, गोड बोला आणि ते वाद्य जरा गोड वाजवा. दात शिवशिवतायत.

दात तपासून घे म्हटलं.

२० जानेवारी, सोमवार. दुपार

कुकर बिघडला. नलू देवळात जाताना सांगून गेली, तीन शिट्ट्यांनी गॅस बंद करा. पेपर घेऊन कुकरपासून दहा फुटांवर बसलो. एकही शिट्टी झाली नाही. डाळ जळाली. वरच्या मजल्यावरच्या जाईबाई येऊन म्हणाल्या, भावोजी, सतरा मोजल्या मी, म्हटलं घरात कुणी पडलं-बिडलं की काय.

शिट्टी खोलून साफ केली, भोक ०.१ ने वाढवलं. तरी नाहीच. हल्ली सगळ्याच वस्तूंचा आवाज कमी करून देतात, हे माझ्या लक्षात आलेलं आहे. दाराची बेल, फोनची रिंग, तारा. याच्यावर एक लेख लिहायला हवा. पेटंटनंतर.

२५ जानेवारी, शनिवार

बुवांच्या पट्टीतून आतापर्यंत ३.२५ गेले. उरले ४.१५. माथ्यावर हाडाची बारीक छिद्रं दिसायला लागली. म्हणजे मुळात हाडच हलकं होतं. हे एक बरं झालं की कळलं.

अडचण तबलीतही असू शकते. माझ्या स्वतःच्या तंबोऱ्याची तबली सोडवून आतून पाइनची आडवी पट्टी सरसाने चिकटवली. नाद नाही. पट्टी काढली. काढताना तबलीला चार इंची चीर. चिरेमुळे कंप मोकळा होतो का, हे तपासण्यासारखं आहे. तपासलं. होत नाही.

बुवांची पट्टी डबीत कापसात ठेवली. राधाबाईंच्या तंबोऱ्यावर आता माझी घोडी, मॉडेल सात. दोन बाक, शिवाय मागच्या कडेला ०.२ चा उतार. कार्यक्रमाच्या आधी सांगायचं नाही. एकदम ऐकवायचं.

१ फेब्रुवारी, शनिवार. माघी गणपती

समोरच्या मंडळाने यंदा स्पीकर अगदी बेताने लावलाय. खाली जाऊन अध्यक्षांचं अभिनंदन केलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. वर आलो तर नलू खिडक्या बंद करून डोक्याला बाम लावत होती.

मॉडेल सात थोडं उघडलंय असं वाटतं. तबलीला गाल टेकवला तर नक्कीच. तोंडात चमचा धरून चमचा तबलीला टेकवला तर फारच छान.

५ फेब्रुवारी, बुधवार

तंबोरा फणसवाडीत पोचवला. राधाबाईंनी छेडला. एकदाच. मग चारही तारांवर तळवा ठेवला.

म्हणाल्या, हेरंब, हे काय केलंस रे. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं बोलतंय. शिकायला बसलेली एक लहान मुलगी कानांवर हात ठेवून हसत होती, प्राचीने तिला चिमटा काढला. मी सांगितलं, ही द्विवक्र घोडी आहे, जगात पहिली. राधाबाई म्हणाल्या, असेल बाबा. जगाला दे. मला बुवांची परत बसवून दे, तेवीसच्या आत.

बसवतो म्हटलं. काय बसवणार.

जिना उतरताना कारण लक्षात आलं. एक्याऐंशी वय. राधाबाईंचे कान गेले. साधं संथ बोललं तर त्यांना ऐकू येतं, पण बारीक नाद खरा किती आणि कसा, ते आता त्यांना कळणं शक्य नाही. वाईट वाटलं. आयुष्यभर सुरात राहिलेली बाई. कोणीतरी हे त्यांना सांगितलं पाहिजे. ते धैर्य माझ्यात आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

स्पृहाने फोनवर एक अ‍ॅप दाखवलं. वाद्य वाजवलं की पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात. मॉडेल आठ माझ्या तंबोऱ्यावर बसवलं होतं. उजव्या बाजूला, म्हणजे वरच्या नादांच्या जागी, डोंगरच डोंगर. बाबा, इतकं आहे हे, म्हणाली. तुम्हाला यातलं किती ऐकू येतं?

तिला समजावलं, मोबाइलचा माइक स्वस्त असतो, आपल्याच मनाने आवाज घालतो. ती उठली. आत जाऊन आईशी बोलत राहिली. या घरात सगळे पुटपुटतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

राधाबाईंना फोन केला. पंधरा मिनिटं विषयाकडे येत होतो. शेवटी म्हटलं, बाई, एकदा कान तपासून घ्यायला हवेत, दादरला चांगलं क्लिनिक आहे, मी स्वतः नेतो. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, हो, जाऊ या की. तू येशील ना सोबत? नक्की? पुढच्या बुधवारी चालेल.

इतकं पटकन मान्य केलं याचा अर्थ त्यांनाही शंका होतीच. नलूला सांगितलं तर तिलाही आश्चर्य वाटलं नाही. तिचं राधाबाईंशी काल फोनवर अर्धा तास बोलणं झालं म्हणे. हळदीकुंकवाचं.

डबीतली पट्टी काढून बघितली. खाली अ‍ॅक्रिलिकचा तुकडा जोडून जाडी पुन्हा ७.४० करता येईल. केली. छिद्रांत हाडाची पूड आणि अ‍ॅरल्डाइट भरलं. लांबून ओळखू येत नाही. जवळून येतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ६.००

जसं झालं तसं लिहितो.

क्लिनिकमध्ये काचेची खिडकी असलेली खोली आहे. आतून फोमचं अस्तर, दाराच्या रबराला खालच्या कोपऱ्यात फट. तपासणाऱ्या मुलीच्या कोटावर नम्रता असं नाव. तिला फट दाखवली. थँक्यू काका म्हणाली.

आधी राधाबाई. कानांवर हेडफोन, हातात बटन, आवाज आला की दाबायचं. बाई दाबत होत्या, दाबतच होत्या. बाहेर आल्यावर नम्रता म्हणाली, आजी, या वयाला इतके छान कान मी फारसे बघितले नाहीत.

मशीनमध्ये दोष असणार हे उघड होतं. म्हटलं, मी बसतो, माझ्यावर तपासून घ्या, तुमचं मशीनच कळेल. राधाबाई म्हणाल्या, हो हो, बस तू.

बसलो. सुरुवातीला जाड आवाज आले. घूं, घूं. प्रत्येक वेळी दाबलं. मग बंद. मशीन सेट करत असेल म्हणून थांबलो. काचेतून बघितलं, ती माझ्याकडेच बघत होती, हात बटनांवर. सावकाश होऊ दे अशी मान हलवली. बराच वेळ गेला. घड्याळ बघितलं, सहा मिनिटं. मग तिने दार उघडलं आणि म्हणाली, झालं काका.

म्हटलं, वरचे आवाज राहिले की.

ती म्हणाली, दिले. दोन्ही कानांना दोन-दोनदा.

आलेख छापून दिला. आडव्या रांगेतले आकडे (आवाज किती बारीक ते) दर चौकटीला दुप्पट होतात, हे मला मान्य नाही, पण तसाच असतो म्हणे. दोन्ही कानांच्या रेषा हजारपर्यंत सरळ आणि पुढे जिन्यावरून पडल्यासारख्या. नम्रताने विचारलं, मोठ्या आवाजात काम केलंय का. प्रेसशॉप सांगितलं. किती वर्षं? अठ्ठावीस. तिने फक्त लिहून घेतलं. हे गेलेलं परत येत नाही म्हणाली, यंत्राने थोडी मदत होते.

बाकावर बसलो होतो. राधाबाईंनी माझ्या हातातला कागद घेतला, उलटा धरला. म्हणाल्या, हे बघ हेरंब, असा धरला की वर जाते.

टॅक्सीने परत निघालो. केम्प्स कॉर्नरला त्यांनी विचारलं, बुवांची पट्टी जपून ठेवलीयस ना रे?

हो म्हटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पहाटेपासून बसलोय. जवारी मेली नव्हती. प्राची म्हणत होती तशी बरी बोलत होती.

अकरा वाजता डबी घेऊन फणसवाडीत. पट्टी कापसातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. चष्मा लावला नाही त्यांनी. अंगठा फिरवला, माथ्यावर, मग खाली अ‍ॅक्रिलिकच्या सांध्यावर. पुन्हा माथ्यावर. जाडी बरोबर ७.४० आहे असं मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही.

मग म्हणाल्या, तू माझ्या कानांना नावं ठेवलीस, त्याचं मला हसू आलं. याचं नाही येत.

मोठ्या तंबोऱ्याला प्राचीला गवसणी घालायला लावली. रविवारी धाकटा एकटाच वाजेल. मी नवी पट्टी करून देतो म्हणालो, उद्यापर्यंत, साधी, एकच बाक. कोणी उत्तर दिलं नाही. मी ऐकलं नाही असं नाही. उत्तर आलंच नव्हतं, प्राचीच्या ओठांकडे बघत होतो.

निघताना राधाबाई दारापर्यंत आल्या. रविवारी ये. नाही आलास तर जास्त राग येईल.

घरी आल्यावर नलूला आलेख दाखवला. तिने चहा टाकला. म्हणाली, मला तीन वर्षं माहितीये. मग का नाही बोललीस म्हटलं. म्हणाली, बोलत होते.

२३ फेब्रुवारी, रविवार. रात्री ९.३०

हॉल भरला होता. नलू, स्पृहा दोघी आल्या. मी विंगेत उभा. स्टेजवर बुवांच्या फोटोला हार, शेजारी मोठा तंबोरा गवसणीत उभा करून ठेवलेला. कोणीतरी विचारलं, हा का नाही वाजत? राधाबाई म्हणाल्या, त्याची तब्येत बरी नाही.

पडदा उघडायला पाच मिनिटं असताना त्यांनी सगळ्या मुलींसमोर प्राचीला सांगितलं, धाकटा हेरंबला दाखव एकदा. जवारी तो बघेल.

प्राचीने तंबोरा माझ्या हातात दिला. मी चारही तारा छेडल्या. तारा थरथरताना दिसल्या, खर्ज छातीत लागला. बाकी काही नाही. दुसऱ्यांदा छेडल्या. राधाबाई माझ्याकडे बघत होत्या, अगदी पूर्वीसारख्या, मी काय म्हणतो याची वाट बघत.

म्हटलं, ठीक आहे.

प्राची हो काका म्हणाली आणि तंबोरा घेऊन वळली. माझ्याकडे पाठ करून तिने पट्टीवरचा दोरा तारेखाली किंचित सरकवला, छेडून बघितलं, पुन्हा सरकवला. मी वर पंख्याकडे बघत राहिलो. तो चालू होता.