एलईडीला किडे येत नाहीत

१२ ऑक्टोबर, रविवार
आजपासून घरात ऑटोमॅटिक मूड लाइटिंग. निर्णय झाला. आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

कारण लिहून ठेवतो, पुढं लग्नानंतर आठवायला बरं. काल समोरच्या घरची गुंजन मायकडं विरजण मागायला आली होती. बैठकीत उभी राहिली, वर बल्बकडं बघितलं आणि म्हणाली, तुमच्याकडं उजेड किती पिवळा आहे, बसलं की झोप येते. म्हणजे तिला आमच्याकडं बसायचं आहे. दुसऱ्याच्या घरच्या उजेडाची चिंता कोणती मुलगी करते? जिला पुढं त्याच घरात राहायचं असते, तीच.

दुपारी
योजना अशी. भाऊबीज झाली की २५ तारखेला आपल्या फुलचूरची मंडई, म्हणजे गावची जत्रा. घरोघर पाहुणे. आमच्या भागात अर्ध्या सोयरिकी मंडईतच जुळतात, रेणूताईची तशीच जुळली. गुंजनच्या घरचे त्या दिवशी दरवर्षी आमच्याकडं जेवायला येतात. आणि तिचे बाबा खेमराजकाका यंदा तिच्यासाठी पोरगा पाहून राहिले, हे मायच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. तेव्हा २५ च्या संध्याकाळी गुंजन बैठकीत पाय ठेवेल, कोणी बटन दाबणार नाही, आणि खोली हळूहळू गुलाबी होईल. काकांना दिसेल, पोरगा रिकामा नाही. पुढचं मोठी माणसं बोलतील.

१३ ऑक्टो.
गजेंद्रच्या मोबाइल दुकानात. तो म्हणे, महागाच्या कंपनीचं कायले घेतेस बे, आतली चिप तीच. मित्र असावा तर असा. तीन स्मार्ट बल्ब, एक लांब एलईडी पट्टी आणि माणूस हलला की ओळखणारा मोशन सेन्सर ऑर्डर केला. परीक्षा फीचे पैसे पडूनच होते. परीक्षा नाही तर फी कसली?

(कॉलेज सोडलं याचं दुःख नाही. प्रॅक्टिकलला सर म्हणाले, बाहेर जा. मी गेलो. आत या असं कोणी म्हटलंच नाही. स्वाभिमान.)

१६ ऑक्टो.
पार्सल आलं. घरात वायफाय नाही, म्हणून सगळं माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडलं. पहिल्याच झटक्यात निळा, हिरवा, जांभळा, गुलाबी. बाबूजी धानाची पोती मोजता मोजता दारात थांबले. म्हणाले, इथं ऑर्केस्ट्रा हाय का? दुर्लक्ष केलं.

१७ ऑक्टो.
बारीकशी अडचण. मी मोबाइल घेऊन चौकात गेलो की घरचे बल्ब ऑफलाइन होतात. परत आलो की ओळखतात. विचार केला तर यात अडचण काहीच नाही. बल्बसुद्धा माझ्याशिवाय राहत नाहीत. माणसांनी शिकावं.

१८ ऑक्टो.
मायनं घात केला. अ‍ॅपमधून सेट केलेला बल्ब भिंतीवरच्या बटनानं बंद केला! बटन बंद म्हणजे बल्ब मेला, मग मोबाइल कोणाशी बोलणार? हजारदा सांगितलं. ती म्हणे, खोलीत कोणी नाही तं लाइट कायले जाळून राहिला? मी ताट सरकवून उठलो. उपाशी झोपणार होतो, पण नंतर तिनं भजे केले.

१९ ऑक्टो.
कायमचा इलाज. गजेंद्रला बोलावून बैठकीतली सगळी बटनं वायरीतून काढून टाकली, बल्ब थेट लाइनवर. आता या घरात बटनाची गुलामी संपली. मेन स्विच सोडला तर सत्ता फक्त माझ्या मोबाइलकडं. गजेंद्रनं मजुरी घेतली नाही, फक्त चिवडा आणि अनारसे नेले. सगळे.

२० ऑक्टो., दिवाळी
नवीन सेटिंग : सूर्य बुडाला की लाइट आपोआप सुरू. बाहेरच्या पडवीलाही पट्टीचा तुकडा लावला.

संध्याकाळी गल्लीत बाकी सगळ्यांनी पणत्या लावून बाहेरचे बल्ब बंद केले, आमचं घर एकटं चमकत होतं. बाबूजी म्हणाले, धान भरून राहिला, हे तुडतुड्याचे दिवस, दिवे लागणीले कोणी बल्ब ठेवते का? मी शांतपणे समजावलं की ते हिरवे किडे जुन्या पिवळ्या बल्बला येतात. एलईडीला किडे येत नाहीत, व्हिडिओत स्पष्ट सांगितलं आहे. बाबूजींनी विचारलं, हा व्हिडिओवाला धान कुठं लावते? म्हटलं, तो चौदाव्या मजल्यावर राहतो. बाबूजी हसले आणि आत गेले. जुनी पिढी. उत्तर नसलं की हसतात.

भिंतीवर थोडे तुडतुडे बसले होते. थोडेच. ते पणत्यांकडं चालले असतील.

२३ ऑक्टो., भाऊबीज
रेणूताई अर्जुनी मोरगाववरून आली. ओवाळताना तिच्या कानात तुडतुडा गेला. मायनं तेल टाकून काढला. घरात उगाच वातावरण माझ्याविरुद्ध.

ताईला संशय आला. विचारलं, हे सारं कोणासाठी? मी सांगितलं नाही, पण खिडकीतून समोर बघितलं तर ताई पण समोर बघत होती. म्हणाली, अबे येड्या, तिच्याशी बोलला का कधी? म्हटलं, आधी वातावरण, मग बोलणं. ती म्हणे, आणि बोलशील काय? यावर मी हसलो. बोलायला मी कशाला, सेन्सर आहे.

२५ ऑक्टो., मंडई, दुपारी चार
गल्लीत गर्दी, जिलेबीचा वास, कोपऱ्यावर दंडार नाचणाऱ्यांची ढोलकी. मी शांत. सीनचं नाव ‘गुंजन’ ठेवलं आहे. सेन्सर चौकटीला. तीनदा चाचणी घेतली. तिन्ही वेळा शेजारच्या मुन्नाकाकांची बकरी आत आली आणि गुलाबी झाली. म्हणजे चालतो.

निळा शर्ट घालतो. निळ्यावर गुलाबी खुलते.

२६ ऑक्टो., रविवार
लिहायची इच्छा नाही, पण इतिहासात नोंद पाहिजे.

ते आले. गुंजन तिसरी आत आली, हिरवी साडी. सेन्सरनं काकांना ओळखलं, काकूंना ओळखलं, तिला ओळखलं. उजेड गुलाबी झाला. सगळे वर बघून ओहो म्हणाले. गुंजन हसली, मी पाहिलं. मंडईची दुकानं सोडता पूर्ण फुलचूरमध्ये तेवढाच उजेड, आणि खिडक्या उघड्या.

मग ते आले. थोडे नाही. भिंत हिरवी दिसून राहिली. खिरीत. वड्यांवर. काकूंच्या अंबाड्यात. गुंजन पदर तोंडावर धरून बसली. बाबूजी ओरडले, बंद कर! मी मोबाइल काढला, अ‍ॅप म्हणे अपडेट होत आहे. बाबूजी भिंतीकडं धावले, तिथं बटनांची रिकामी भोकं. त्यांनी माझ्याकडं बघून जे म्हटलं, ते वाक्य मी इथं लिहीत नाही. शेवटी मेन पाडला. अंधारात कोणाचा तरी हात कढीत गेला. थोड्या वेळानं मेन वर केला तर तिन्ही बल्ब आपोआप फुल पांढरे. स्वस्तातले बल्ब, वीज आली की स्वतःच्या मनानं पेटतात. हे गजेंद्रनं सांगितलं नव्हतं. गजेंद्र जेवून गेला होता.

पण! सगळे उठले तेव्हा खेमराजकाका तिथंच थांबले. भिंत न्याहाळली. मला विचारलं, खुशालबाबू, कोणत्या रंगावर जास्त येतात? म्हटलं, जांभळ्यावर. मग म्हणाले, हे आमच्या बांधीत लावून देशील का? आमच्या उशिरा निघणाऱ्या भारी धानाले अजून तुडतुडा लागून राहिला.

‘आमच्या’ म्हणाले. जावयाला कोणी एकदम घरात घेत नाही. आधी शेतात घेतात.

३० ऑक्टो.
परवापासून काकांच्या बांधीत कामाला लागलो. मोटरच्या खोलीतून वायर, बांबूला जांभळी पट्टी, खाली घमेल्यात साबणाचं पाणी. अंधार पडला की आपोआप सुरू, तुडतुडा येते, आपटते, पडते. सकाळी घमेलं हिरवंगार. बाबूजींचा राग गेला नाही, पण काल घमेलं बघायला येऊन गेले.

गुंजन चहा घेऊन आली. घमेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, तुझं हे खरंच चाललं रे! ‘खरंच’वर जोर. मी म्हटलं, हो. अजून बरंच म्हणायचं होतं, पण चहा गरम होता.

३ नोव्हें.
काकांनी तालुक्याहून कृषी सहायक आणला. कैलाश नाव, चांगला माणूस, बूट चिखलात घालून सरळ बांधीत उतरला. सगळं विचारलं, फोटो काढले. मी पण मोकळ्या मनानं सांगितलं. तो निघाला होता, मीच म्हटलं, सर, असे कसे जाता, काकांकडं चहा घ्या. घरापर्यंत मीच नेऊन सोडलं. गुंजननं चहा आणला. काकांसमोर माझी कॉलर ताठ.

६ नोव्हें.
कैलाशसर परत आले. फॉलोअप म्हणे. सरकारी माणूस इतका मन लावून काम करते, विश्वास बसत नाही. घाईत असावेत, बांधीकडं आलेच नाहीत, काकांच्या घरूनच गेले.

९ नोव्हें., रविवार
आज तर कमाल! सर आपल्या आई-वडिलांना घेऊन आले. गाडी, मिठाईचा डबा, सगळे नवीन कपड्यांत. माझा सापळा दाखवायला आणलं असणार. मी दुपारपासून बांधीत शर्ट बदलून उभा. कोणी आलं नाही. उन्हात जांभळा दिसत नाही, हे त्यांना माहीत असेल. तज्ज्ञ आहेत.

१० नोव्हें.
मायनं सकाळी पेढा हातात दिला. म्हणाली, गुंजनचं जुळलं, रविवारी साक्षगंध. कोणाशी ते तिनं सांगायच्या आधीच पेढा तोंडात गेला होता.

गद्दारांची नावं : कैलाश, कारण चहा माझ्यामुळं प्याला. काका. गजेंद्र, कारण चिप तीच नव्हती. व्हिडिओवाला. चौदाव्या मजल्यावर बसून लोकांची आयुष्यं बिघडवते. तुडतुडे. गुंजन सगळ्यात शेवटी लिहितो, हात थांबते.

निर्णय : संध्याकाळी बांधीत जाऊन सगळं तोडून टाकणार. एक वायर शिल्लक नाही ठेवणार.

११ नोव्हें.
गेलो होतो. पट्टी ओढतच होतो तर मागून गुंजन आली, घमेलं उचलून बाजूला ठेवलं, सांडू नये म्हणून. मी बोललो. बरंच बोललो, आवाज चढला. मंडई, गुलाबी, परीक्षेची फी, सीनचं नाव, सगळं सांगून टाकलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे मले आज कळून राहिलं. मी म्हटलं, एवढा उजेड केला तरी? ती म्हणाली, तू बल्बाले सांगत राहिला, खुशाल. मले कधी विचारलंच नाही.

मी म्हटलं, विचारलं असतं तर?

ती म्हणाली, मी हो म्हटलं असतं असं नाही. पण विचारायचं तर होतं. कैलाशनं चहाचा कप घेता घेता विचारलं, तुम्हाले पुढं शिकायचं आहे का? घरात एवढ्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी त्या प्रश्नाचाच विचार करत राहिली.

यावर माझ्याकडं उत्तर आहे. सुचलं की लिहितो.

वायरी तोडल्या नाहीत. काकांचं धान उभं आहे, त्याचा काय दोष?

१३ नोव्हें.
काका घरी आले. म्हणे, साक्षगंधाले लाइट तूच लाव, खुशालबाबू, तुझ्यासारखं कोणाले जमत नाही. मी स्पष्ट नाही म्हटलं. बाबूजींसमोर. माणसाला मन असते. रात्रीच्या जेवणात बाबूजींनी स्वतःच्या हातानं मला भात वाढला. आठवत नाही आधी कधी वाढला होता.

१५ नोव्हें.
नाही म्हणजे नाहीच होतं. पण गजेंद्र लावणार असं ऐकलं. त्यानं वायर उघडी सोडली तर? मांडवात लहान पोरं असतात. फक्त सुरक्षिततेसाठी जाणार. लावणार आणि लगेच निघणार. जेवणार नाही.

१६ नोव्हें., रविवार
जेवलो. काकूंनी हात धरून बसवलं.

लाइट चांगले लागले. मी मोबाइल घेऊन मांडवाच्या खांबाजवळ उभा होतो. उजेड मुद्दाम मंद ठेवला होता, फार दिसू नये म्हणून. कोणाच्या लक्षात आलं नाही. अंगठी घालायची वेळ झाली तेव्हा कैलाशनं मान वळवून मला शोधलं. म्हणाला, भाऊ, जरा वाढवता का? हिचा चेहरा दिसत नाही.

वाढवला.

दिसला.