चौदा हजार फुटांवर पाहण्याचा कार्यक्रम

जगतपुरा, जयपूर

तीर्थरूप मीराआत्याच्या पायांवर अनुयाचं डोकं.

‘मुलगा कसा वाटला?’ हे तू फोनवर विचारलंस, मग आईकरवी विचारलंस, मग नातवाला, दर्शनला, मेसेज करायला लावून विचारलंस. आत्या, तुला खोटं सांगायचं नाही म्हणून कबूल करते, की या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. मी त्याच्याबरोबर एकाच तळ्याकाठी तंबूत राहून आले, पण या सगळ्या काळात मला त्याचं फक्त नाक दिसलं. बाकीचा माणूस माकडटोपी, मफलर आणि काळा चष्मा यांच्या आत होता. नाक चांगलं आहे.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? आम्ही तिघं इथे खुशाल आहोत. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं, की नळाखाली चहापत्ती धरायचीच काय ती बाकी आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि गिरणीवर दळणाला आलेल्या बायकासुद्धा मधेच मला ‘हो का गं बाई’ म्हणतात. (माझ्या बी.एस्सी.च्या मार्कांवर ज्यांनी मत दिलं त्या कोण होत्या, हे मला अजून कळलेलं नाही.) म्हणून पत्र. हे तू एकटीने, दाराला कडी लावून वाचावंस.

तू घाडग्यांचं स्थळ सुचवलंस तेव्हा मी घरात एक छोटं भाषण केलं होतं. दिवाणखान्यात पंखा लावून, साडी नेसून, ट्रे धरून माणूस ओळखता येत नाही. माणूस ओळखायचा तर तो दमलेला, भुकेलेला आणि गारठलेला असताना बघावा. तेव्हा पाहायचंच असेल तर दोन्ही घरांनी डोंगरावर तळ्याकाठी तंबूत राहावं आणि तिथे पाहावं, असा त्या भाषणाचा सारांश होता. माझी खात्री होती की हे ऐकून कार्यक्रम रद्द होईल. पण मी एक गोष्ट विसरले, की माझे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. बाबा खुर्चीतून उठलेच. “बरोबर बोलली पोरगी! जवान उंचीवरच कळतो,” असं म्हणून त्यांनी माळ्यावरची हिरवी ट्रंक खाली काढली. आता निदान घाडगे नाही म्हणतील, अशी आशा होती. तर मुलाच्या, म्हणजे निनादच्या, आई विजयमालाकाकू फोनवर माझ्या आईला म्हणाल्या, “अहो सुनंदाताई, ह्यांच्या बदल्या होत गेल्या आणि मी गावोगावचे फ्लॅट बघितले. पडदे तेवढे बदलले. मी येणार. हे नाही आले तरी मी येणार!” मुलगा येणार की नाही, हे कोणी बोललंच नाही.

तळं मी निवडलं, पण त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तुझं भजनी मंडळ बस ठरवून निघेल. हिमाचलात आहे, एवढं पुरे. मोटार एका लहानशा गावापर्यंत जाते, पुढे खेचरांवर सामान लादून चालत चढायचं. हवा अंगवळणी पडावी म्हणून बाबांनी सगळ्यांना त्या गावात दोन दिवस थांबवलं आणि रोज थोडं चढवून उतरवलं. (ते गाव लक्षात ठेव.) निनादचे वडील, उत्तमरावकाका, विम्याच्या कचेरीत अधिकारी आहेत. स्वभावाने इतके सभ्य, की खेचराला सुद्धा ‘आप’ म्हणत होते. पण प्रत्येक वळणावर थांबून खाली बघायचे आणि इथून पाय घसरला तर तो अपघात धरतील की निष्काळजीपणा, यावर विचार करायचे. अर्ध्या वाटेत त्यांनी माझ्या आईला विचारलं, “वहिनी, साहेबांचं नॉमिनेशन वगैरे सगळं जागच्या जागी आहे ना?” तेव्हापासून आई बाबांचा हात सोडीना. लग्नानंतर पहिल्यांदाच आईने चारचौघांत बाबांचा हात धरला, याचं श्रेय विमा कंपनीला जातं.

तळं मात्र, आत्या, काय सांगू तुला! तिन्ही बाजूंनी बर्फाच्या रेषा असलेले डोंगर, मधे निळं पाणी, आणि काठावर झाड म्हणून एक नाही. शोभिवंत परातीएवढंच आहे म्हण, पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखता येतो. विजयमालाकाकूंनी नऊवारीसारखा काष्टा मारून साडी वर घेतली आणि बूट काढून थेट पाण्यात पाय घातले. किंचाळल्या, बाहेर आल्या, आणि पुन्हा घातले. मग आईनेही घातले. दोघी शाळेतल्या मुलींसारख्या हसत होत्या. होणारी विहीण म्हणून नाही, नुसतीच मैत्रीण म्हणून आईला कोणीतरी मिळालं, हे बघून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी सर्वांना उठवायला शिट्टी वाजवली. तंबूतून कोणी आलं नाही, पण वरच्या उतारावरून एका गद्द्याच्या सगळ्या मेंढ्या धावत खाली आल्या आणि बाबांसमोर उभ्या राहिल्या. (गद्दी म्हणजे तिकडचे मेंढपाळ. तेही शिट्टीनेच मेंढ्या बोलावतात.) बाबा म्हणाले, “निदान कुणाला तरी शिस्त आहे.” मेंढ्या परत न्यायला त्या गद्द्याला न्याहारी होईपर्यंतचा वेळ लागला, आणि जाताना त्याने हात जोडून विनंती केली, की फौजी साहेबांनी ही सवय सोडावी.

आता मुख्य कार्यक्रम. आईचं म्हणणं पडलं, की जागा बदलली म्हणून रीत बदलत नाही, तेव्हा कांदेपोहे झालेच पाहिजेत. कढीपत्ता जयपूरहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. पोहे झाले, पण बशी तंबूपासून निनादपर्यंत जाईतो त्यांची गारेगार वडी झाली. त्याने ती हातमोज्यात धरून खाल्ली आणि “छान आहेत” म्हणाला, बहुतेक पोह्यांबरोबर थोडा हातमोजाही पोटात गेला असावा. मग उत्तमरावकाका नेहमीचं वाक्य बोलले, “मुलांना जरा एकटं बोलू द्या.” आणि सगळे इकडेतिकडे बघू लागले. कारण एकटं कुठे? गच्ची नाही, गॅलरी नाही, दुसरी खोली नाही, मैलभर आडोसा नाही. शेवटी बाबांनी हुकूम दिला, “सगळे, पीछे मुड!” आणि चारही वडीलधारी माणसं आमच्याकडे पाठ करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. पण पाठीला कान असतात. आईची पाठ तर थोडी आमच्याकडे झुकलेली स्पष्ट दिसत होती.

म्हणून आम्ही दोघं काठाकाठाने पलीकडे गेलो. वारा पडला होता, ऊन कलत होतं, पाणी इतकं स्थिर की डोंगर उलटे उभे होते. दगडावर बसून निनादने आधी बराच वेळ श्वास घेतला. त्याचं मराठी आपल्यासारखं नाही, इकडे उत्तरेतच वाढलाय ना. म्हणाला, “बघा, खरं बोलू? लग्न मला... मतलब, तुमच्याशीच नको असं नाही. आत्ता कुणाशीच नको. मी आलो ते मम्मीसाठी. ती इतकी खूश होती ना, मला ‘ना’ म्हणताच नाही आलं. आणि तुमच्या बाबांची मला भीती वाटते. सकाळी तंबूत आले आणि बोलले, ‘जवान, मोजे दाखव.’ मी दाखवले! लाइफमध्ये कुणी मला मोजे नव्हते मागितले.”

इतकं खरं बोलणाऱ्या माणसासमोर मलाही खोटं बोलवेना. मी त्याला सांगितलं, की हेच तळं मी का निवडलं. खाली ज्या गावात आम्ही थांबलो, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला दोन वर्षांसाठी माझी निवड झाली आहे. पत्र येऊन पडलंय, आणि मी शाळा बघायलाच सगळ्यांना इथवर आणलं. “शाळेला खिडक्या उत्तरेकडे आहेत आणि मुलं काचेवर बर्फाने चित्रं काढतात,” असंही मी म्हणाले. (मला सुचेल ते मी बोलत होते.) तेव्हा कानाशी कोणीतरी शिंकलं. मी वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी भरात होते.

निनाद म्हणाला, “मग घरी सांगत का नाही? तुमचे बाबा ओरडतील?” मी म्हणाले, “ओरडले तर सोपं होईल. घराण्यातली पहिली पदवी म्हणून त्यांनी माझं प्रमाणपत्र दारासमोर लावलंय, मीटर बघायला येणाऱ्यालाही थांबवून दाखवतात. उभा जन्म घरापासून लांब काढला त्यांनी. आता कुठे घरी आलेत, तर त्यांना सांगू, की आता मी निघते? बगरूला कापड छापणाऱ्यांच्या मुलांना शिकवायला जाते, तर बस येईपर्यंत गेटपाशी उभे असतात. मी गेले तर ते कुणाची वाट बघतील?”

आणि मग पाण्यावरून बाबांचा आवाज आला. आवाज चढवलेला नव्हता. समोर बसून बोलावं तसा.

“अनु, पत्र कधी आलं?”

आत्या, स्थिर, गार पाण्यावरून संध्याकाळी आवाज किती लांब जातो, हे मी मुलांना शिकवते. तापलेली हवा वर, गार हवा खाली, ध्वनी खाली वळतो, सगळं मला तोंडपाठ आहे. परीक्षेत मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. पलीकडे चौघं आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि त्यांनी पहिल्या शब्दापासून सगळं ऐकलं होतं. शिंक उत्तमरावकाकांची होती.

मी म्हणाले, “होळीला, बाबा.” ते म्हणाले, “बरं. या इकडे, चहा निवतोय.” परत येताना निनाद एकदाही थांबला नाही. दम लागलेला माणूस घाबरून इतकं झपाझप चालू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

अलीकडे सगळे आपापल्या कपात बघत होते. उत्तमरावकाका म्हणाले, “पाणी फारच शांत आहे हो,” आणि त्यांना स्वतःलाच ते बोलणं नको तिथे गेल्यासारखं वाटलं. विजयमालाकाकूंनी मुलाच्या हातात चहा दिला आणि म्हणाल्या, “अरे वेड्या, मला तर नुसतं तळं बघायचं होतं. आधी बोलला असतास तर लग्नाशिवाय आलो असतो.” आईने मला जवळ ओढलं. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, “तिथे गॅस मिळतो का?”

बाबा मात्र तंबूसमोर बसून माझे ओले मोजे पिळत होते. मी शेजारी बसले. ते माझ्याकडे न बघता सांगू लागले, की ओले मोजे दोरीवर टाकायचे नाहीत, गोठतात. पोटाशी धरून झोपायचं, सकाळी कोरडे मिळतात. प्यायच्या पाण्याची बाटली पांघरुणात घ्यायची. बर्फ पडायला लागलं की कौतुक नंतर, आधी छपरावरचं ढकलायचं. एकटं वाटलं तर भांडी घासायची, हात चालले की मन चालतं. इतकं बाबा माझ्याशी सलग कधी बोलले नव्हते. ‘जा’ असं ते म्हणाले नाहीत, पण ज्याला पाठवायचं नाही त्याला कोणी हे शिकवत नाही, असं मला वाटतं. (अर्थात, मोज्यांचं त्यांनी निनादलाही सांगितलं होतं, तेव्हा हा पुरावा कोर्टात टिकणार नाही.)

तर असा मुलगा, असं तळं. घाडग्यांशी काही बिघडलेलं नाही, उलट दोन्ही आया रविवारी भेटतात आणि पुढचा डोंगर ठरवतात. तू मात्र माझ्यावर रागावू नकोस. आतोबांना नमस्कार, दर्शनला आशीर्वाद.

तुझी,
अनुया

ता. क. : बाबांनी अजून तोंडाने ‘हो’ म्हटलेलं नाही. ते फक्त तुझं ऐकतात, लहानपणी तू त्यांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवलंस म्हणे. एक फोन करशील? स्पीकर बंद करून.

आणखी एक : वरच्या ओळीवरून तुला वाटेल, की मी परवानगी मागतेय. तसं नाही. शाळेला होकार मी सोमवारीच कळवला, आणि तो वाचून बघायला बाबांच्या हातात दिला होता. त्यांनी वाचला, चष्मा पुसला आणि एका चुकलेल्या तारखेवर बोट ठेवलं. फोन यासाठी, की मी गेल्यावर घर फार शांत होईल. थंडीभर तू इथे येऊन राहा. बाबांना रागवायला कोणीतरी हवं.

शेवटचं : गिरणीचं काय, गुडघ्याचं काय, हे तू आता म्हणशील म्हणून लिहिते. गिरणी दर्शन बघणार आहे, त्याच्याशी बोलून घेतलं. पुणे–जयपूर तुझं तिकीट मी काल काढलं, खालचा बर्थ मिळाला आहे.