भिंत पुसण्याआधी

बाबा, आज इंदूरला हायकोर्टात एका तरुण वकील मुलीनं आपला तो जुना निकाल वाचून दाखवला. आपला म्हणते, कारण खटला मी लढले आणि हरलात तुम्ही. जाहिरात हेही बोलणंच आहे, सरकारला ती थांबवायची असेल तर घटनेत बसणारं कारण दाखवावं लागेल, आणि खोटी जाहिरात पुसायची झाली तरी आधी नोटीस देऊन समोरच्याचं ऐकून घ्यावं लागेल, एवढं सगळं तिनं दोन मिनिटांत खणखणीत सांगितलं. नंतर व्हरांड्यात ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, मॅडम, तुमच्यामुळे हा रस्ता मोकळा झाला. मला तिथं उभं राहवेना. पहिली बस पकडून नानाखेड्याला घरी आले आणि हातपाय न धुता लिहायला बसले. तुम्हाला ते चाललं नसतं. पण त्या खटल्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि आज ती सांगितली नाही तर मी कधीच सांगणार नाही.

तुम्ही औषध निरीक्षक. बाकीचे निरीक्षक दुकानं तपासायचे, तुम्ही दुकानं झाली की भिंती तपासायचात. स्कूटरवर पायापाशी चुन्याची बादली, तिच्यात कुंचा, आणि तुमच्या पँटवर कायम पांढरे शिंतोडे. रविवारी मला मागे बसवून फ्रीगंजभर हिंडवायचात. भिंतीवरची जाहिरात मोठ्यानं वाचायला लावायचात आणि विचारायचात, हे कोण म्हणतंय, आणि आपण ऐकलं तर त्याला काय मिळणार. बाराखडी पुरती व्हायच्या आधी मला दमा, बवासीर आणि शुगर वाचता येत होतं. आई कपाळाला हात लावायची. पण चुना मारण्याआधी तुम्ही त्या जाहिरातीचा शब्द न् शब्द डायरीत उतरवून घ्यायचात आणि खाली दोन पंचांच्या सह्या. एकदा मी कंटाळून विचारलं, पुसायचंच आहे तर लिहायचं कशाला? तुम्ही म्हणालात, "आपण काय पुसलं, ते आपल्याला तरी माहीत पाहिजे."

मला सनद मिळाली त्या दिवशी टावर चौकातल्या दुकानातून तुम्ही राज्यघटनेची प्रत आणलीत. बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या पानात खूण म्हणून बसचं तिकीट घातलेलं होतं. ते तिकीट अजून तिथंच आहे.

मग ती वर्षं आली. गावात केबल आली, कोका-पेप्सीची खोकी आली, आणि एकही भिंत मोकळी राहिली नाही. साबण, कोचिंग क्लास, सिमेंट, आणि मधे मधे तुमचे जुने शत्रू. वरून हुकूम निघाला की औषध आणि इलाजाच्या सगळ्याच जाहिराती शहरातल्या भिंतींवरून पुसून टाका. तुम्ही तो हुकूम सण आल्यासारखा साजरा केलात. गिरणीच्या लांब भिंतीवर निळ्या अक्षरांत होतं, 'शुगर जड़ से ख़त्म, गोलियों से छुट्टी'. शेजारी टावर चौकातल्या एका रक्त तपासणाऱ्याची पाटी रंगवलेली होती, साखर तपासा, रिपोर्ट त्याच दिवशी, एवढीच. तुम्ही त्या गृहस्थाच्या पाटीपासूनच सुरुवात केलीत, कारण ती बादलीच्या जवळ होती. संध्याकाळ झाली आणि निळी अक्षरं पुढच्या आठवड्यावर गेली.

तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आला. "मैडम, मैंने झूठ क्या लिखा? सच लिखने की भी मनाही है क्या?" जेवताना मी तेच तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "भिंत एकच आहे गं. मी एकेक ओळ निवडत बसलो तर हे शहर साफ कधी होणार?" मी म्हटलं, निवडणं हेच तर तुमचं काम आहे. तुम्ही पानातला हात थांबवलात. "कायदा शिकलीस, ठीक है. पेशंट एक नाही पाहिलास." आत्या तेव्हा पोळ्या वाढत होती. तुमची बहीण, विधवा होऊन आपल्याकडे आलेली, आणि रोज सकाळी पोह्यांच्या आधी शुगरची गोळी घेणारी. ती म्हणाली, वाद पुरे, भाजी गार होतेय.

मला राग आला होता, पण खटला मी रागापोटी घेतला नाही. त्याच्या काही वर्षं आधीच दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की धंद्याची जाहिरात हीसुद्धा बोलण्याच्या हक्कात येते, खोटी आणि फसवी सोडून. खऱ्या माणसाचं तोंड बंद करायला निरीक्षकाची सोय हे कारण घटनेत कुठंच नाही, हे मला तेव्हा पटलं होतं, आजही पटतं. अर्जाचा निकाल लागेपर्यंत भिंतींना हात लावू नका, असा हुकूम निळ्या अक्षरांवर चुना फिरायच्या आत, पहिल्याच तारखेला मिळाला आणि तुमचा कुंचा बादलीत सुकला. ऑफिसातले लोक तुम्हाला छेडायचे, मुलगी घरी जेवू घालते की नाही? तुम्ही म्हणायचात, स्वैपाक वाईट करते, बहस बरी करते.

शेवटच्या तारखेला तुम्ही सरकारी वकिलांच्या मागे फायली घेऊन बसला होतात. न्यायमूर्तींनी मला एकच अवघड प्रश्न विचारला. प्रत्येक जाहिरातीला वेगळी नोटीस, उत्तर, सुनावणी असं म्हटलं तर खोटी जाहिरात तेवढे दिवस भिंतीवर राहील, त्यात लोकांचं नुकसान नाही का? मी म्हटलं, मिलॉर्ड, या अर्जावर स्थगिती मिळाल्यापासून कोणाचं नुकसान झाल्याचं रेकॉर्डवर काहीही नाही. त्यांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही फायलीत शोधलंत आणि मान हलवलीत. भिंती पुसण्याचा हुकूम रद्द झाला.

परतीच्या बसमध्ये आपण शेजारी बसलो. सांवेरला तुम्ही शेंगदाणे घेतलेत आणि अर्धे माझ्या ओंजळीत ओतलेत. "निकाल सही आहे," तुम्ही म्हणालात. "त्या लॅबवाल्यावर माझ्याकडून अन्यायच झाला." मग हातातली सालं खिडकीबाहेर फुंकत म्हणालात, "पण नोटीस गेली तरी भिंत बोलतच राहते. मधल्या दिवसांत ती कोण वाचतं, हे कुठल्या रेकॉर्डवर येणार?" मी जिंकलेली होते, मला ते रडगाणं वाटलं.

तुम्ही निळ्या अक्षरांना नोटीस दिलीत. त्यांच्या वकिलानं तारखा घेतल्या. सगळा उन्हाळा ती भिंत तशीच राहिली. श्रावणात आत्याच्या पायाला चप्पल लागली, अंगठा काळा पडला, आणि इंदूरला नेईपर्यंत पाऊल वाचण्यासारखं राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? तुम्ही घरी येऊन स्वैपाकघराच्या फळ्या उपसल्यात. पोह्यांच्या डब्यामागे हिरव्या झाकणाचा डबा निघाला, निळी अक्षरं, तीच ओळ. तुम्ही जमिनीवरच बसलात. "माझ्या घरात," म्हणालात. "माझ्या नाकाखाली." त्यानंतर तुम्ही बादली उचलली नाहीत. गेलात तोपर्यंत भेटेल त्याला हेच सांगायचात, की दुसऱ्यांच्या भिंती पाहत हिंडलो आणि घरातली फळी पाहिली नाही. मी दर वेळी म्हणायचे, बाबा, यात तुमची चूक नाही. तुम्हाला वाटायचं, पोरगी समजूत घालतेय. आत्या कुबडी टेकत यायची आणि तुमच्या पाठीवरून हात फिरवायची.

मी त्या निकालाच्या बाजूनं अजूनही उभी राहीन. त्या लॅबची पाटी परत रंगली, ती वाचून किती जणांना आपला रोग वेळेवर कळला असेल. खोटं निवडून काढावं, खरं राहू द्यावं, त्यासाठी वेळ द्यावा, यात मला आजही चूक दिसत नाही. चूक दुसरीकडे आहे.

शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी पोहे काढताना माझा हात त्या डब्याला लागला होता. मी झाकण उघडलं, कडू मेथीचा वास आला. वरची ओळ वाचली, आणि हे कोण घेतंय ते मला कळलं. तुम्ही बाहेर ओट्यावर दाढी करत होतात. हाक मारली असती तर तुम्ही तोच डबा कोर्टात पुरावा म्हणून ठेवला असतात. मी झाकण लावलं, डबा होता तिथं ठेवला, आणि दोन दिवसांनी उभी राहून म्हटलं की रेकॉर्डवर काहीही नाही. वाक्य खरं होतं, बाबा. मी ते डबा पाहिल्यानंतर रचलं होतं.