खुराड्यावरचं लुगडं

नांदेड
२० जानेवारी २०००

ती. बाबांना,
पल्लवीचा सविनय जयभीम. वि. वि.

काल दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. जीपमध्ये आयुषनं डोकं खाल्लं. आजीच्या सगळ्या कोंबड्या आता त्याच्या झाल्या म्हणे, आणि बाबा नुसते राखणदार!

आई गेल्यावरची ही माझी पहिलीच खेप. आखाड्यावर, शेतातल्या आपल्या घरी पाऊल टाकलं आणि वाटलं, आता ती भाकरीचा तुकडा कुस्करत दारात येईल. कळमनुरीच्या आजीनं तिला लग्नात एक खुडूक कोंबडी दिली होती, त्या एकीचा हा सगळा वंश, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून सांगायची. पाहुणा कितीही मोठा असो, तिनं आपली कोंबडी कापू दिली नाही. बाबा, तेवढा वंश मोडू देऊ नका. आईचं हिंडतं-फिरतं आता दुसरं काय राहिलंय?

तुमचं मात्र काही खरं नाही. घरभर जाळी, कंदिलाला काजळी, आणि आईचं हिरवं लुगडं चक्क खुराड्यावर! आईनं बघितलं असतं तर तुमची धडगत नव्हती. निघायच्या दिवशी तुम्ही हरभऱ्यात गेला होता, तेव्हा मी ते ओढ्यावर नेऊन साबण लावून स्वच्छ धुतलं. वाळवून, घडी करून ट्रंकेत ठेवलंय. आता ते बाहेर काढू नका.

जेवणाची हयगय करू नका. लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
पल्लवी


आखाडा, ता. सेनगाव
२ फेब्रुवारी २०००

चि. सौ. पल्लवीस,
पुंजाजीचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र उशिरा भेटलं. तू पत्त्यात अजून परभणीच लिहून राहिली. आता आपला हिंगोली जिल्हा झाला, ध्यानात ठेव.

लिहायला हात उचलत न्हाई, पर दुसऱ्या कोणाकडून ऐकशील त्यापेक्षा मीच सांगतो. कोल्ह्यानं कोंबड्या नेल्या. खुराड्याच्या मागून माती उकरून आत शिरला. मी बाजेवर निजलेलो. कालवा ऐकून उठलो, तवर नुसती पिसं. तुझ्या आईची लाडकी तुरेवाली कोंबडीबी गेली. एकटी काळी वाचली, ती घरात टोपल्यात अंड्यांवर बसलेली होती म्हणून.

तू इचारशील, इतके दिवस कोल्हा काहून आला न्हाई. तुझी आई माहेरी निघाली की अंगावरचं लुगडं सोडून खुराड्यावर टाकून जायची. माणसाचा वास आला की कोल्हं फिरकत न्हाई, हे तिला तिच्या मायनं शिकवलेलं. ती गेल्यापासून मी रोज सांजच्याला तिनं शेवटी नेसलेलं ते हिरवं लुगडं टाकत होतो, सकाळी घडी करून ठेवत होतो. तू गेल्यावर ट्रंकेतून काढून टाकलंबी, पर त्याला सगळा साबणाचा वास.

तुला काय ठाव, बाई? मीच सांगायला पाहिजे होतं. मनाला लावून घेऊ नको. शेजारचा संतराम म्हणतो, कुत्रं पाळा. बघू.

आयुषला काही सांगू नको. राखणदारानं घात केला म्हणंल.

तुझा बाप
पुंजाजी


नांदेड
९ फेब्रुवारी २०००

ती. बाबांना,
सविनय जयभीम.

पत्र वाचून चूल पेटवावीशी वाटली नाही. वंश जपा म्हणून तुम्हाला शहाणपण शिकवलं, आणि माझ्याच हातानं मी तो कोल्ह्याच्या तोंडी दिला. आईनं हे मला कधी सांगितलं कसं नाही? का सांगितलं होतं, आणि माझंच लक्ष नव्हतं?

आमच्या शेजारचे प्रमोदभाऊ सेनगावला येतायत, त्यांच्याबरोबर माझं अंगावरचं पातळ पाठवते. तीन-चार दिवस नेसले, मुद्दाम धुतलं नाही. तेच खुराड्यावर टाका. लेकीच्या अंगाला आईचा थोडा तरी वास असेलच की. काळीची अंडी काहीही करून सांभाळा. पिल्लं निघाली की लगेच कळवा, तोवर माझ्या जिवाला चैन नाही.

तुमची
पल्लवी


आखाडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
२६ फेब्रुवारी २०००

चि. सौ. पल्लवीस,
जयभीम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

काळीनं पिल्लं काढली. काही अंडी नासली, पर पिल्लं निघाली ती खणखणीत. एक तर बराबर तुरेवालीच्या रंगाचं हाय. डालग्यातून बाहेर सोडलं की पायात पायात करतेत, मला चालू देत न्हाईत. आयुषला सांग, वंश हाय.

तुझं पातळ पोचलं. पर लेकीचं पातळ कोल्ह्यापुढं टांगायला माझं मन घेईना. ते ट्रंकेत तुझ्या आईच्या लुगड्यावर ठेवलं. मागचं उकरलेलं भगदाड दगडानं बुजवलं, अन् माझाच घामाचा सदरा खुराड्यावर टाकला. कोल्हा येऊन गेला. सकाळी बांधाला पावलं दिसली, पर तिथूनच माघारी फिरलेली.

आता तू म्हणशील, सदरा चालतो तर बाबांनी आधीच काहून टाकला न्हाई. इतके दिवस लिहू का नको करून राहिलो होतो. कोल्ह्याला थोपवायला कोण्याबी माणसाचा वास चालतो, हे मला पयल्यापासून ठाव होतं. सांजच्याला खुराड्याकडचं वारं सरळ माझ्या बाजेवर येतं. मी ते लुगडं कोल्ह्यासाठी टाकत नव्हतो.

तवा तू रडत बसू नको. आज ना उद्या ते धुवायचंच होतं. माझ्या हातून झालं नसतं, बाई.

तुझा बाप
पुंजाजी