शॉर्टस्टॉपची जागा भरलेली आहे

७ जानेवारी, सोमवार

नवीन मॅनेजर मिळाला. गुमो पाबोन. पाच वर्षांतला चौथा, पण हा टिकेल. आमच्या पाल्मारितो गावाच्या बेसबॉल टीमची अडचण एवढीच होती. आता फक्त यादी भरायची, एका दुपारचं काम. चोवीस नावं. टीम आधी माझा नवरा ऑरेलिओ चालवायचा, तो देवाघरी गेल्यापासून मीच भरते आणि आजवर एकही रकाना मोकळा गेलेला नाही. शाळेत सिस्टर पेर्पेतुआ म्हणायच्या, रिकामा रकाना म्हणजे न दिलेलं उत्तर.

काल तीन राजांचा सण. ऑर्लँडोहून मुलाचा, एफ्राइनचा फोन आला, बराच वेळ बोलला. सीझनला येण्याबद्दल नक्की काही म्हणाला नाही. म्हणजे म्हणाला काहीतरी, पण लाइन खराब होती.

शॉर्टस्टॉपपुढे त्याचं नाव लिहून टाकलं. शाईने. म्हणजे तेवीसच उरली.

संकल्प: यादी या आठवड्यात पूर्ण. एफ्राइनला रविवारशिवाय फोन नाही. संध्याकाळची चीजची पेस्ट्री बंद.

१० जानेवारी, गुरुवार

गुमो कॉफीला आला. म्हणाला, दोन्या लिंदा (लिंदाबाई म्हणावं तसं), माणसं किती आहेत ते खरं सांगा. मी म्हटलं, चोवीस. तो म्हणाला, यादीतली नाही हो, पायावर उभी राहणारी. बोटांवर मोजली. अकरा. त्यातला चागो चव्वेचाळीस वर्षांचा आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, पण उभा राहतो.

बाकीचे कुठे, असं त्याने विचारलं. वादळानंतर बरेच जण फ्लोरिडाला गेले, ते येतीलच. घरं इथेच आहेत त्यांची.

शॉर्टस्टॉप कोण, असंही विचारलं. मी म्हटलं, ती जागा भरलेली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा, अर्धे चेंडू तिकडेच येतात, तिथे हलगर्जीपणा करून कसं चालेल. त्यावर तो बराच वेळ कॉफी ढवळत राहिला. साखर घेत नाही तो.

१३ जानेवारी, रविवार

विल्फ्रेडोकडे जाऊन आले. आपला लेफ्ट फील्डर. तो नव्या चर्चमध्ये गेलाय आणि आता रविवारी खेळत नाही. आमचे सगळे सामने रविवारी. मी म्हटलं, बाबा, आम्ही चाळीस वर्षं चर्चमधली सातची मिसा करून दहाला मैदानावर जातोय, देवाने कधी तक्रार केली नाही. तो म्हणाला, तुमच्याकडे केली नसेल, माझ्याकडे केली. मंगळवारी खेळायची तयारी आहे त्याची. लीगला विचारून बघेन.

एफ्राइनला फोन केला (रविवार आहे). नातीने, लूसियाने उचलला. पपा मैदानावर आहे म्हणाली, तिच्या फुटबॉल टीमचा कोच झालाय. मला बरं वाटलं. कोच आहे म्हणजे फिट आहे.

पेस्ट्री एक. विल्फ्रेडोच्या बायकोने दिली, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

२० जानेवारी, रविवार

पिचर नांदो आणि कॅचर तोनीन, सख्खे भाऊ, सव्वा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. वादळात लाइट नव्हती तेव्हा आईचा जनरेटर कोणी नेला, यावरून. आज पहिल्या सरावाला दोघंही आले. मी गुमोला म्हटलं, पिचर-कॅचरला बोलायची गरजच काय, बोटांच्या खुणा असतात. गुमो म्हणाला, खुणा बघायला तोंडाकडे बघावं लागतं, दोन्या लिंदा, आणि नांदो तर आकाशाकडे बघून चेंडू टाकतोय.

नंतर बाकावर तोनीन मला म्हणाला, त्याला सांगा, खांदा खाली पडतोय त्याचा. मी नांदोला सांगितलं. नांदो म्हणाला, त्याला सांगा, जनरेटर चालतो का अजून? मी तेही सांगितलं. म्हणजे संवाद सुरू झालाय.

२७ जानेवारी, रविवार

गुमोने न विचारता एका माणसाला आणलं. यादिएल मातोस, सत्तावीस वर्षांचा, आपल्याच शाळेत व्यायाम शिकवतो पण राहतो पलीकडच्या गावात. शॉर्टस्टॉपला उभा राहिला. मी म्हटलं, सरावापुरता हरकत नाही, जागा गरम राहील.

बरा आहे. चेंडू अडवतो, फेकतोही नेमका. गुमो माझ्याकडे बघत होता, मी विणकामाकडे बघत होते. एफ्राइनचं वेगळं होतं. त्याचा चेंडू हातमोज्यात शिरायचा तेव्हा आवाज यायचा नाही. ऑरेलिओ डगआउटमधून म्हणायचा, लिंदा, बघ, तुझा मुलगा चेंडू पकडत नाही, घरात घेतो. एफ्राइन इथे शेवटचा सामना खेळला, त्याला सहा वर्षं झाली. चर्चच्या घंटेमुळे कोणाला स्कोअर ऐकू आला नव्हता.

यादिएल जाताना माझ्या गालाचं चुंबन घेऊन म्हणाला, दोन्या, खुर्ची सावलीत घ्या. शिष्टाचार आहेत.

४ फेब्रुवारी, सोमवार

लीगच्या ऑफिसमधून सेन्योरिता नेरेइदाचा फोन. नियम मलाच वाचून दाखवला, जणू मी काल आले. गावाच्या टीममध्ये गावात जन्मलेले किंवा राहणारे खेळाडू हवेत, बाहेरचे फक्त तीन. ते मला पाठ आहे, दोन पिचर आम्ही बाहेरून घेतलेच आहेत. पण ती म्हणाली, गाव सोडून पाच वर्षं झाली की तो माणूसही बाहेरचाच धरतात. एफ्राइन बाहेरचा.

मी म्हटलं, इथल्याच हॉस्पिटलमध्ये जन्मलाय, मीच होते तिथे. ती म्हणाली, नियम नवीन आहे, दोन्या. मी म्हटलं, त्याची खोली माझ्या घरात आहे. सहा नंबरचा शर्ट तिथे हँगरला आहे, दर महिन्याला मी धुते. ती म्हणाली, शर्टाचा पत्ता चालत नाही.

म्हणजे तिसरी बाहेरची जागा एफ्राइनची. चला, ही अडचणही मिटली.

पेस्ट्री दोन.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

गुमो आला, टोपी हातात. सरळ म्हणाला, तिसरी जागा यादिएलला द्या. मी म्हटलं, दिलेली जागा परत घेत नाहीत. तो म्हणाला, एफ्राइनने ती मागितली का? मी म्हटलं, घरच्या माणसाला मागावी लागत नाही. मग त्याला तुरीच्या दाण्यांचा भात वाढला. दोनदा घेतला त्याने. म्हणजे रागावलेला नाही.

दारात म्हणाला, ऑरेलिओ असता तर काय केलं असतं? ऑरेलिओने एकदा स्वतःच्या मेव्हण्याला सामन्याच्या मधेच घरी पाठवलं होतं. पण तो मेव्हणा होता.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

यादी दिली. चोवीस नावं, एकही रकाना मोकळा नाही. विल्फ्रेडो आहे (मंगळवारचं नंतर कळवते, असं त्याच्या नावापुढे लिहिलंय). टेक्सासला क्रेन चालवायला गेलेला आपला फर्स्ट बेसमनही आहे. सिस्टर पेर्पेतुआंनी पाठ थोपटली असती.

२४ फेब्रुवारी, रविवार

एफ्राइनच्या हातमोज्याला तेल लावलं. चामडं छान पितंय.

फोन केला, उचलला नाही. मॅच असेल. संध्याकाळी मेसेज आला: मामी, नंतर बोलू, प्लीज. (इथली मुलं आईला मामीच म्हणतात.) सामन्याआधी तो नेहमीच गप्प असायचा.

३ मार्च, रविवार

पहिला सामना. बिशपांनी मैदानाला आशीर्वाद दिला, बँड वाजला, रांगेत यादीतले अकरा उभे राहिले. उद्घोषकाने चोवीस नावं वाचली. शॉर्टस्टॉप, नंबर सहा, एफ्राइन ओलिवेन्सिया, असं ऐकू आल्यावर माझ्या मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. जुन्या लोकांपैकी असेल. रांगेत तिथे जागा सोडलेली होती.

शॉर्टस्टॉपला चागो खेळला. पहिला चेंडू त्याच्या उजवीकडून गेला, दुसरा डावीकडून. तिसरा पायांमधून. तो वाकला आणि उठलाच नाही, तोनीनने धावत येऊन त्याला उचललं. नांदोने दुसरी बाजू धरली. दोघं भाऊ बोलले नाहीत, पण एकाच माणसाला धरून चालले. एवढं तरी झालं.

चौदा विरुद्ध एक.

यादिएल कुंपणापलीकडे उभा होता, शाळेच्या टी-शर्टमध्ये. प्रत्येक चेंडूला त्याचे गुडघे हलत होते. मी पाहिलं नाही, पण दिसलं.

४ मार्च, सोमवार

एफ्राइनने स्वतः फोन केला. सोमवार असून. गुमोने त्याला कळवलं होतं. म्हणाला, मामी, मी येतो असं कधी म्हटलं? गेल्या वर्षी सांगितलं, त्याच्या आधी सांगितलं, तीन राजांच्या दिवशी दोनदा सांगितलं. मी छत्तीस वर्षांचा आहे, मामी. सहा वर्षांत बॅट हातात धरलेली नाही. चागोचा गुडघा गेला माझ्या नावापायी. नाव काढ.

मी विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, मामी.

मग म्हणाला, तू इकडे ये. लूसिया गोलकीपर आहे, तुझ्यासारखी चिडते. मी म्हटलं, सीझन संपल्यावर बघू. रडत नव्हता, पण नाक ओढलं त्याने.

आज लाइन चांगली होती. शब्दन् शब्द ऐकू आला.

६ मार्च, बुधवार

तिसऱ्या सामन्याच्या आत लीग एक बदल करू देते. फॉर्म आणला. पट्टी सापडेना. सिस्टर म्हणायच्या, खोडायचं तर गिरगटायचं नाही, पट्टीने एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेवटी एफ्राइनच्या टेबलाच्या खणात मिळाली, शाळेतली, त्याचं नाव कोरलेली.

रेघ मारली. वर यादिएल मातोस लिहिलं. बाहेरचा. सही केली.

काही वाटलं नाही. कॉफी करायला गेले आणि दूध न घालताच प्यायले, नंतर लक्षात आलं.

१० मार्च, रविवार

हरलो. सहा-पाच. विल्फ्रेडो पाचव्या डावात चर्चमधून थेट आला, टायसकट उतरला. देवाला आज लवकर सोडायला सांगितलं म्हणे.

शॉर्टस्टॉपकडे सात चेंडू आले. सातही अडवले गेले. आवाज येत होता प्रत्येकाचा.

सामना संपल्यावर यादिएल म्हणाला, दोन्या, हा सहा नंबरचा शर्ट धुऊन इस्त्री करून आणून देतो. मी म्हटलं, राहू दे, तुझ्याकडेच ठेव.

घरी आले. खोलीत हँगर रिकामा होता. तसाच ठेवला.