पिण्यास योग्य

लातूर,
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय प्रमोदिनीताई,

साष्टांग नमस्कार. भाऊजींनाही सांग. वैष्णवीची कावीळ उतरली हे वाचून जिवात जीव आला. तुझी भावजय मालविका बरी आहे. आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो. शिकायला आलेल्या पोरांनी गाव भरलंय. ज्याला चार खोल्या आहेत त्यानं वसतिगृह काढलंय.

वैष्णवीचं बारावीचं वर्ष गेलं, आणि तेही तिनं बाहेरचं खाऊन स्वतःच घालवलं, असं तू लिहिलंस. तिला नांदेडला न्यायला आलीस तेव्हा स्टँडवरही तू हेच बोलत होतीस. ती रडत म्हणाली, "आई, मी खरंच बाहेर काही खाल्लं नाही." तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "पोरी खातात गं चोरून."

ताई, ती खरं बोलत होती.

नोव्हेंबरात तिच्या वसतिगृहाच्या पाण्याची सरकारी तपासणी माझ्याकडेच होती. मालक महादेवप्पा खालीच भेटला. "साहेब, शिडी हलायलीय. टाकीवर कशाला चढता? बाटली भरून ठेवलीय की."

मी ती बाटली घेतली. नमुना टाकीतून स्वतः घेतला, असं लिहिलं. खाली 'पिण्यास योग्य' आणि माझी सही. आपली भाची तेच पाणी पिते, हे मला माहीत होतं.

भूकंपानंतर औशाकडच्या पत्र्याच्या शेडांत मी एकेका टाकीवर चढायचो गं. तेव्हा कुणी सांगायची गरज नव्हती.

तुम्ही गेलात आणि आणखी सहा मुली पिवळ्या पडल्या. मग चढलो. झाकण उघडताच वास आला. बोअरपासून दहा फुटांवर संडासाचा खड्डा, तोच पाझरत होता. नमुना दूषित निघाला. टाकी बंद करायला लावली. मुलींना आता तपासलेलं टँकरचं पाणी मिळतं.

आमचे साहेब म्हणाले, "फायलीतला जुना कागद काढा, नवा लावा. कुणाला कळत नाही."

दोन दिवस मलाही ते बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी सगळं खरं लिहून दिलं. शुक्रवारपासून निलंबित आहे. त्याचं दुःख नाही, असं म्हणणार नाही. पण स्टँडवरचं ते वाक्य जास्त सलतं.

हे पत्र वैष्णवीसमोर मोठ्यानं वाच. भाऊजींनाही ऐकू दे. तिची माफी तूही माग, माझ्यामुळे मागावी लागतेय तरी. मी नांदेडला यावं की नाही, ते तिलाच ठरवू दे. ती नको म्हणाली, तर तू तिला समजावू नकोस.

तुझा अपराधी भाऊ,
श्रीपाद