तुमच्या नावावर

बाई, मी तुमच्या हाताखाली नर्स म्हणून आले तेव्हा ओढ्यापलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर तुमचा शब्द चालायचा. तो कसा कमावलात हे तुम्ही एकदाच सांगितलंत, पिंपळवंडीच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना. पहिली दोन वर्षं लसीचं नावही काढलं नव्हतंत. बाळंतिणींच्या उशाशी बसलात, त्यांच्या चुलीपुढं भाकरी खाल्लीत, आणि मग एक दिवस स्वतःच्या लेकीला तिथं नेऊन सगळ्यांदेखत सुई टोचलीत. आठवड्यानं तिला पुन्हा नेऊन दाखवलंत, "बघा, खेळतीय." मला म्हणालात, "घाई करू नकोस. आपल्याला ओळखल्याशिवाय कुणी पोर हातात देत नाही."

मी घाई केली. मार्च संपत आला होता आणि कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या शिबिरासाठी ठरवून दिलेल्या आकड्यात मला एक केस कमी पडत होती. त्या वस्तीवरची एक तीन लेकरांची आई तयार होती, पण तिला नुकताच ताप येऊन गेला होता. "दोन महिने थांब," असं तुम्ही मला स्पष्ट बजावलं होतंत. तिची सासू दारात उभी आहे, पदर तोंडाशी. विचारते, "बाई काय म्हनल्या?" आणि मी म्हणते, "बाईंनीच पाठवलंय मला. काही होत नाही म्हणाल्या." सासूचा चेहरा सैल पडतो. "बाई म्हनल्या आसतील तर मंग कशाला भ्यायचं? जा गं पोरी."

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ती गेली. पोटात पू झाला होता.

आपण दोघी भेटायला गेलो. सासू तुमच्यापुढं येऊन उभी राहिली. "तुमच्या शब्दावर धाडली व्हती." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी मान खाली घातली. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही तिला एवढंच म्हणालात, "व्हय." परतताना उसाच्या बांधावर थांबून मला विचारलंत, "माझं नाव घेतलं होतंस?" मी नाही म्हणाले. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.

पुढच्या वर्षी गोवर आला. तुम्ही दारोदार फिरलात, पण बाया पोरं घेऊन उसात शिरायच्या. वस्तीवरची दोन पोरं दगावली, त्यातलं एक गेलेल्या त्या आईचं धाकटं. तुम्ही मुदतीआधीच नोकरी सोडलीत. पेठला, लेकीच्या घरी, वारलात तेव्हा माणसं जमली होती. मीही चार शब्द बोलले, तुमच्यावर सगळ्यांचा किती विश्वास होता ते.

आता मलाच बाई म्हणतात. मी सांगितलं की ऐकतात. ती सासू अजून आहे, डोळ्यांनी दिसत नाही. गेल्या महिन्यात इथवर लिहिलेलं हेच पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणून घेऊन गेले होते. माझा आवाज ओळखून तिनं जवळ बसवलं, तुमचं नाव काढून लई शिव्या दिल्या आणि दुसऱ्या सुनेला सांगून माझ्यासाठी चहा करवला. मी तो प्याले आणि उठून आले.